शिवेपलीकडचे सोबती : अण्णा भाऊ साठे



युद्धाच्या कादंबऱ्या आणि त्यातली लहान मुलं असा विषय निघाला की आपल्या होस्टेलमधल्या वाचणाऱ्या मंडळींना पहिलं नाव आठवतं ते 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज'चं. जॉन बॉइन या आयरिश लेखकाची ही कादंबरी २००६ साली आली आणि दोन वर्षांनी तिच्यावर सिनेमाही निघाला. नाझी अधिकाऱ्याचा मुलगा ब्रूनो आणि छळछावणीत अडकलेला ज्यू मुलगा श्मूएल. दोघंही नऊ वर्षांचे, जन्मतारीखसुद्धा एकच. मधे तारेचं कुंपण. कुंपणाच्या दोन बाजूंना बसून दोघांची मैत्री जमते, आणि शेवट असा होतो की पुस्तक मिटल्यावर बराच वेळ मेसकडे पाय वळत नाहीत.

त्या गोष्टीतलं कुंपण हिटलरच्या राजवटीनं घातलं होतं. राजवट गेली, कुंपण गेलं. आपल्याकडे मात्र कुंपण घालायला युद्धाची गरजच पडली नाही. ते गावोगाव होतंच, अगदी शांततेच्या आणि सुगीच्या दिवसांतही. फक्त तार दिसत नव्हती. गावाचा पाणवठा वेगळा, मांगवाड्याचा वेगळा. पोरं ओढ्यात एकत्र डुंबली तरी घरी परतायच्या वाटा वेगळ्या. मग प्रश्न उलटा पडतो. अशा गावावर दुष्काळ आला, लढाई आली, सरकारचा बडगा आला, तर त्या न दिसणाऱ्या कुंपणाचं काय होतं? ते आणखी उंच होतं की मोडून पडतं?

हा प्रश्न आयुष्यभर उराशी घेऊन लिहिणारा माणूस आपल्या अगदी शेजारचा आहे. अण्णा भाऊ साठे. त्यांचं नाव चौकाला असतं, पुतळ्याला असतं, १ ऑगस्टला मिरवणुकीतल्या बॅनरवर असतं. लायब्ररीतलं पुस्तक मात्र वर्षानुवर्षं जागेवरून हलत नाही. म्हणून हा लेख.

वाटेगावचा तुकाराम

अण्णा भाऊंचं पाळण्यातलं नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. आज वाटेगाव सांगली जिल्ह्यात आहे, पण तेव्हा सांगली हा जिल्हाच नव्हता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे जन्माच्या हिशोबानं हा माणूस आपल्या साताऱ्याचाच. आणि आपल्या तालुक्यात सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आहे, तेव्हा ज्यांना शाळेनं दार लावलं त्यांची गोष्ट आपल्या पाण्याला नवीन नाही.

मातंग समाजाकडे गावाची कामं ठरलेली होती. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, हलगी वाजवायची, गावाची राखण करायची. गावाची राखण करणाऱ्या या माणसांनाच इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकलं. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ सालचा, पुढे त्याची कक्षा वाढत गेली. यादीत नाव आलं की गुन्हा केलेला असो वा नसो, ठरलेल्या वेळी चावडीवर जाऊन हजेरी द्यायची. आपल्याला पंच्याहत्तर टक्के अटेंडन्सचा जाच वाटतो. तिथे हजेरी चुकली की तुरुंग होता. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं.

तुकाराम शाळेत गेला तो जेमतेम दीड दिवस. पहिल्या दिवशी अक्षर नीट येत नाही म्हणून मास्तरांनी मारलं, दुसऱ्या दिवशी पोरानं मास्तरांना दगड मारला आणि शाळा संपली. ही हकिगत पुष्कळ जण गमतीनं सांगतात. त्यात गंमत फार थोडी आहे. शाळा ही गावातली एकच जागा अशी असू शकते जिथे पाटलाचं, कुलकर्ण्याचं आणि मांगाचं पोर एका ओळीत बसेल, भांडेल, पाटीवरची रेघ पुसेल, आणि त्यातून कुणी कुणाचा दोस्त होईल. ती जागा तुकारामाच्या वाट्याला दीड दिवस आली. बालपणीची जी मैत्री बाकावर जमते ती त्याला मिळालीच नाही. त्यानं पुढे ती मोठेपणी मिळवली आणि कागदावरही उभी केली.

शाळेबाहेर शिक्षण भरपूर झालं. दांडपट्टा, लाठी, रानातली भटकंती, पोवाडे, लावण्या, तमाशातली वगाची गाणी. एकदा ऐकलं की पोराच्या डोक्यात पक्कं बसायचं. आणि घरात एका माणसाच्या गोष्टी चालायच्या, फकिराच्या. हा फकिरा खराखुरा माणूस, साठ्यांच्या नात्यातला, इंग्रज सरकारविरुद्ध बंड केलेला. तुकाराम जन्मला तेव्हा फकिरा लुटीतले दोन ओंजळी सुरती रुपये बाळंतिणीसाठी देऊन गेला, अशी आठवण घरात सांगितली जायची. ज्या पोराच्या बारशाची गोष्टच अशी आहे, त्यानं पुढे कादंबरी लिहिली नसती तरच नवल.

पायी गाठलेली मुंबई

आपलं खंडाळा म्हटलं की समोरच्याला लोणावळ्याजवळचं सिनेमातलं खंडाळा आठवतं, आणि आपल्याला दरवेळी खंबाटकीचं नाव घेऊन खुलासा करावा लागतो. पण आपल्या खंडाळ्याचा खरा मान त्याच्या रस्त्यात आहे. वाळवा, कऱ्हाड, सातारा या सगळ्या मुलखातून पोट भरायला निघालेल्या माणसांचा पुण्यामुंबईकडचा मुख्य रस्ता म्हणजे हाच. खंबाटकी उतरायची, खंडाळा, शिरवळ मागे टाकायचं, नीरा ओलांडायची आणि पुढे चालायचं.

१९३१ च्या सुमाराला दुष्काळानं आणि कर्जानं गांजलेले भाऊराव बायकामुलांना घेऊन वाटेगावहून मुंबईला निघाले. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून पायी. दोनशे मैलांच्या वरचा प्रवास. वाटेत मिळेल तिथे मजुरी करायची, चार दिवसांचं खाणं जोडायचं, पुन्हा चालायचं. त्या वेळी तुकाराम अकरा वर्षांचा होता. आपण शुक्रवारी संध्याकाळी स्टँडवर एसटी लेट झाली म्हणून अर्धा तास कुरकुरतो, त्या वेळी हे अंतर एकदा मनात आणून बघावं.

मुंबईत भायखळ्याच्या चांदबिबी चाळीत बिऱ्हाड झालं. कोळसे वेचणं, हमाली, फेरीवाल्याची गाठोडी वाहणं, पुढे गिरणी. आणि याच शहरात एक गोष्ट घडली. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत बघत हा मुलगा अक्षरं जुळवायला शिकला. मास्तर नाही, पाटी नाही, फी नाही. शहराच्या भिंती हेच पुस्तक. गावात ज्याला वर्गाबाहेर काढलं त्याला मुंबईच्या रस्त्यानं वाचायला शिकवलं.

मधे काही वर्षं तो गावी परतला आणि नात्यातल्या बापू साठ्यांच्या तमाशात उभा राहिला. पेटी, ढोलकी, तुणतुणं, सोंगाड्या, सगळं हाताखालून गेलं. तमाशाच्या फडात एक वेगळीच रीत असते. तिथे माणसाला जात विचारून टाळी मिळत नाही. चुकलं की हुर्यो, जमलं की शिट्टी. हे गणित त्यानं नीट पाठ केलं.

डासांचं गाणं आणि स्टालिनग्राडचा पोवाडा

पुन्हा मुंबईत आल्यावर अण्णा भाऊ माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहू लागले. तिथे कम्युनिस्ट पक्षाच्या कामगारांशी गाठ पडली आणि तुकारामाचा अण्णा भाऊ झाला. त्यांच्या सुरुवातीच्या रचनांपैकी एक होती लेबर कॅम्पातल्या डासांवर. ब्लॉकमधल्या सर्वांना ही गोष्ट पटावी. मोठा साहित्यिक व्हायला हिमालय बघावा लागत नाही, उघडं गटार आणि रात्रभर चावणारे डास पुरतात.

आता युद्धाकडे येऊ. ऑगस्ट १९४२ ते २ फेब्रुवारी १९४३ या काळात रशियात स्टालिनग्राडची लढाई झाली. घराघरांतून, कारखान्यांतून, जिन्याजिन्यावरून माणसं लढली आणि हिटलरच्या फौजेला पहिल्यांदा एवढा मोठा मार बसला. हे सगळं अण्णा भाऊंनी पाहिलेलं नव्हतं. त्यांना वर्तमानपत्रातल्या बातम्या आणि कामगारांच्या बैठकीतली चर्चा एवढंच माहीत होतं. तेवढ्यावर १९४३ साली त्यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. वाईच्या बाजूनं आलेल्या अफजलखानाच्या वधाला जी शाहिरी लागली, तीच व्होल्गाकाठच्या कामगारांना लावली आणि ती लागू पडली! दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसानं परळच्या गिरणी कामगाराला रशियातल्या कामगाराचा सोबती केलं. त्याच साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा 'बंगालची हाक' हा पोवाडा आला. मुंबईत रेशनच्या रांगा, बाजारात काळाबाजार, आणि रांगेतल्या माणसापुढे बंगालच्या भुकेचं गाणं.

इथे एक अवघड गोष्ट सांगायलाच हवी. युद्धानं आपल्या मुलखातल्या सोबत्यांतही फूट पाडली होती. कम्युनिस्ट पक्षाचं म्हणणं असं की आधी हिटलर हरला पाहिजे, म्हणून युद्धाला पाठिंबा. पण अण्णा भाऊंच्या वाळवा तालुक्यात, सातारा जिल्हाभर, १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार इंग्रजांना जेरीस आणत होतं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा लुटला गेला. १४ एप्रिल १९४४ ला याच मंडळींनी थेट धुळ्याकडे जाऊन चिमठाण्याजवळ खजिना लुटला. म्हणजे गावाकडची तरुण पोरं एका लढाईत आणि मुंबईतला त्यांचा शाहीर दुसऱ्या लढाईत. दोघांचा शत्रू जुलूमच, पण वाटा वेगळ्या. पुढे नाना पाटीलही कम्युनिस्ट पक्षात आले, १९५७ साली साताऱ्यातून खासदार झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे सगळे पुन्हा एका बाजूला उभे राहिले. मतभेद झाला म्हणजे सोबत कायमची तुटली असं नसतं, हे या दोन माणसांकडे बघून कळतं.

तिघांचा फड

१९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यात तीन शाहीर होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, गिरणीत राबलेले, आणि आवाज असा की हजारोंच्या सभेला माईक नसला तरी चालेल. अण्णा भाऊंची लेखणी, अमर शेखांचा गळा आणि गव्हाणकरांची जोड. एक मातंग, एक मुसलमान, आणि तिघांचा फड मात्र एक. गावात ज्यांच्या घराच्या ओळी वेगळ्या पडल्या असत्या ते तिघं एका सतरंजीवर बसून तालीम करत होते, एका ताटलीत खात होते, एकाच रेल्वेच्या डब्यात झोपत होते.

अण्णा भाऊंनी तमाशाचं लोकनाट्य केलं. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेठजींचं इलेक्शन', 'माझी मुंबई' ही त्यांची वगनाट्यं गाजली. तमाशाच्या सुरुवातीला देवाला वंदन करणारा गण असतो. अण्णा भाऊंच्या गणात वंदन झालं ते मातीला, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना. सावकार, काळाबाजारवाला, खोटा पुढारी यांची अशी टर उडवली की समोर बसलेला कामगार हसता हसता मुठी आवळायचा. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं या कार्यक्रमांवर बंदी आणली. ती बंदी तिघांवर सारखी होती. पोलिसांना कुणाची जात, कुणाचा धर्म याच्याशी देणंघेणं नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली. मुंबईला आलेल्या कामगाराला गावी राहिलेल्या बायकोची ओढ लागते, आणि बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्राबाहेर राहिले त्याचंही दुःख त्याच सुरात मिसळतं. सांगणारा वाटेगावचा मातंग, ते गाणं घराघरांत पोचवणारा बार्शीचा मुसलमान, आणि डोळे पुसणारा सगळा महाराष्ट्र.

'फकिरा'तली शीव

१९५९ साली 'फकिरा' ही कादंबरी आली. अण्णा भाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि १९६३ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. वाळव्यात ज्यांनी ती वाचली असेल त्यांना खजिन्याची लूट ही काही पुस्तकी गोष्ट वाटली नसणार. पत्री सरकारला जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

कादंबरीत गावाची शीव पुन्हा पुन्हा येते. शेजारच्या शिगावात जोगणीची जत्रा भरते. रिवाज असा की दुसऱ्या गावच्या माणसानं जोगणी पळवून आपल्या शिवेत आणली तर जत्रेचा मान त्या गावाचा. पकडला गेला तर डोकं जाणार. पण शीव ओलांडली की त्याच्यावर हात टाकायचा नाही. वाटेगावची ही इच्छा पुरी करायला निघतो राणोजी मांग, आपल्या गबऱ्या घोड्यावर बसून, एकटा. तो जोगणी आणतो, शीव ओलांडतो, आणि रिवाज मोडून शिगावचा खोत त्याला वाटेगावच्या हद्दीत मारतो. हा राणोजी म्हणजे फकिराचा बाप.

आता बघा. गावाचा मान राखायला मेला तो गावाबाहेर राहणारा माणूस. पण कादंबरी तिथेच थांबत नाही. गावचे विष्णुपंत कुलकर्णी आणि शंकरराव पाटील राणोजीला परका मानत नाहीत. त्याच्या मरणाचं दुःख वाडा आणि मांगवाडा मिळून करतात. बाप गेलेलं ते पोर गावाच्या डोळ्यासमोर वाढतं. पुढे शिगावकर जोगणी परत न्यायला येतात तेव्हा फकिरा त्यांना गाठतो. बापाचा सूड घ्यायची संधी हातात असते. तो खोताचा जीव घेत नाही, फक्त हात तोडून सोडून देतो. सूडाचंही एक माप असतं, हे त्या तरुण पोराला कळतं.

मग दुष्काळ येतो, पाठोपाठ रोगराई. मांगवाड्यात माणसं भुकेनं मरायला लागतात. अशा वेळी विष्णुपंत काय करतात? ते नीतीचे धडे देत नाहीत. मरू नका, काहीही करून जगा, असं ते मांगांना सांगतात. फकिरा आणि त्याचे सोबती माळवाडीचं धान्य लुटतात आणि गाव जगवतात. मग सरकार जागं होतं. भुकेनं माणसं मरत होती तेव्हा न आलेलं सरकार धान्य लुटल्यावर मात्र लगेच येतं, हजेरी लावतं, माणसांना जनावरांसारखं मोजतं. फकिरा बंडात उतरतो. रानात त्याला दोस्त भेटतो तो सत्तू भोसले, वारणेच्या खोऱ्यातला मराठा बंडखोर. याच सत्तूवर अण्णा भाऊंनी पुढे 'वारणेचा वाघ' लिहिली. फकिरा आणि सत्तू एकमेकांना जातीनं ओळखत नाहीत, शब्दाला किती जागतो यावर ओळखतात.

शेवटी सरकार खजिन्याच्या लुटीनं चवताळतं आणि फकिराच्या माणसांच्या बायकापोरांना, म्हाताऱ्यांना पकडून ठेवतं. त्यांना सोडवायला फकिरा स्वतःहून हजर होतो. त्याच्या वाट्याला मरण येतं.

धोका कुणाच्या वाट्याला

सुरुवातीचा प्रश्न इथे परत घेऊ. संकट आलं की कुंपण उंच होतं की पडतं? 'फकिरा' वाचून मला जे उत्तर मिळालं ते सरळ नाही. संकटात कुंपण पडतं, हे खरं. भुकेच्या दिवसांत विष्णुपंत मांगवाड्याच्या बाजूला उभे राहतात आणि ते उभं राहणं नकली नाही. अण्णा भाऊंनी त्या ब्राह्मण कुलकर्ण्याचं पात्र इतक्या मायेनं रंगवलं आहे की त्यांच्या मनात कुठल्या जातीबद्दल सरसकट डूख नव्हता हे कळावं. त्यांचा राग जुलमावर होता.

पण त्याच कादंबरीत दुसरीही गोष्ट आहे, आणि ती अण्णा भाऊंनी लपवलेली नाही. जोगणी आणायला डोकं पणाला लावलं राणोजीनं. हजेरीला उभे राहिले मांग. ओलीस धरली गेली ती फकिराची माणसं. मरण आलं फकिराला. मैत्री दोन्ही बाजूंनी खरी होती, धोका मात्र सारखा वाटला गेला नाही. कुंपण पडलं तरी जमिनीवर त्याची रेघ राहतेच.

ब्रूनो आणि श्मूएलच्या गोष्टीत ही रेघ एका झटक्यात पुसली जाते, कारण ब्रूनो कुंपणाखालून आत जातो. ती लहान मुलाची भाबडी चूक असते. अण्णा भाऊंच्या जगात मोठी माणसं आहेत. शिवेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं हे त्यांनी समजून उमजून ठरवायचं असतं. म्हणून मला लाल बावटा कलापथकाची ती बंदी महत्त्वाची वाटते. तिथे तिघांनी स्टेज वाटून घेतलं, टाळ्या वाटून घेतल्या, आणि पोलिसांचा पहाराही वाटून घेतला. जे कादंबरीतल्या गावाला पूर्ण जमलं नाही, ते या तिघांनी मुंबईत काही वर्षं तरी जगून दाखवलं.

२ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, ती दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. आपण इंजिनिअरिंगवाले लोड कुठून कुठे जातो याचं डायग्राम काढतो. पहिल्या मजल्याचा भार कॉलमवर, कॉलमचा फूटिंगवर. समाजाचा भार शेवटी कुणावर येतो याचं डायग्राम अण्णा भाऊंनी त्या भाषणात काढून दाखवलं.

अखेर

१९६१ साली अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. ज्या देशाच्या लढाईचा पोवाडा न बघता लिहिला होता, तो देश अठरा वर्षांनी डोळ्यांनी पाहिला. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, शिवाय कथा, वगनाट्यं, पोवाडे, लावण्या. एवढं सगळं लिहिलं ते बहुतेक घाटकोपरच्या चिरागनगरमधल्या झोपडीत बसून. टाळ्या मिळाल्या, नाव झालं, पण पोटापुरता पैसा कधी टिकला नाही. शेवटची वर्षं गोरेगावला गेली, एकाकी आणि ओढगस्तीची. १८ जुलै १९६९ ला ते गेले. वयाला एकोणपन्नास पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते.

त्याच वर्षी २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. अण्णा भाऊंनंतर बरोबर बेचाळीस दिवसांनी.

पुढे सन्मान आले. २००२ साली टपाल खात्यानं अण्णा भाऊंच्या नावानं तिकीट काढलं. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. ज्याच्याकडे मुंबईच्या तिकिटाला पैसे नव्हते त्याचं तिकीट निघालं, असं कुणी म्हणेल. म्हणायला बरं वाटतं, पण त्यानं हिशोब मिटत नाही.

हिशोब आपल्याकडे आहे. होस्टेलमध्ये आपल्याला जी गोष्ट फुकट मिळाली आहे ती अण्णा भाऊंना दीड दिवस मिळाली होती. ॲडमिशनच्या यादीत नावापुढे कॅटेगरी छापून येते, पण रूम पार्टनर ठरताना चिठ्ठी निघते, आणि साताऱ्याचा, लातूरचा, धुळ्याचा, ओपनचा, एससीचा, मुसलमान, लिंगायत असे चौघं एका खोलीत येतात. चार वर्षं एका बादलीनं पाणी, एका पातेल्यात मॅगी. हे सोपं आहे. अवघड क्षण पुढे येतो. प्लेसमेंटच्या रांगेत कुणीतरी हळूच कोट्यावरून टोमणा मारतो, किंवा गणपतीच्या वर्गणीवरून कुणाला बाजूला काढलं जातं, आणि आपण तिथे उभे असतो. त्या वेळी गप्प बसायला काही लागत नाही. बोललं तर थोडा धोका असतो, थोडी नावं ठेवली जातात. तेवढा धोका वाटून घ्यायची तयारी असेल तर ती मैत्री. नसेल तर ती नुसती शेजारची खाट.

'फकिरा'ची प्रत लायब्ररीत मराठीच्या कपाटात आहे. सबमिशन संपल्यावर एका रविवारी घ्या, दोन दिवसांत वाचून होते. वाचून झाली की ती कपाटात परत ठेवू नका, शेजारच्या खाटेवरच्याला द्या.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी